ऐकणे म्हणजे करणे: विश्वासाचे आज्ञापालन रोजच्या जीवनात कसे आणावे

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. कानावर शब्द पडला की आपण ऐकतो; आणि सांगितलेले काम मूल करत नाही तेव्हा आई म्हणते, “हा माझे ऐकतच नाही.” या दुसऱ्या वाक्यावरून मुलाच्या कानात काही दोष आहे असे कोणी समजत नाही. बायबलच्या मूळ भाषांतही हेच दिसते. हिब्रू ‘शमा’ या धातूत ऐकणे आणि मानणे हे दोन्ही अर्थ सामावले आहेत, आणि अनुवाद या पुस्तकातील (६:४) इस्राएलाला घातलेली हाक त्याच धातूने सुरू होते. ग्रीक भाषेत आज्ञापालनासाठी असलेल्या ‘हुपाकोए’ या शब्दाच्या पोटातही ऐकण्याचेच क्रियापद आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी (१:५) आणि पुन्हा अखेरीस (१६:२६) पौल विश्वास आणि आज्ञापालन हे शब्द एकमेकांना जोडूनच वापरतो. देवाचे ऐकणे हे एकच काम आहे. त्याची आतली बाजू म्हणजे विश्वास आणि बाहेर दिसणारी बाजू म्हणजे आज्ञापालन.

बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे लोटली आहेत, रविवारची उपासना चुकत नाही, विश्वासाचा अंगीकार तोंडपाठ आहे, पण विश्वास मात्र जिथल्या तिथे थांबला आहे, असे ज्यांना वाटते अशा वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहीत आहे. असे अनेक जण अधिक प्रार्थना, अधिक उपास, अधिक सभा हा उपाय करून पाहतात. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे की, बहुतेक वेळा एखादी अगदी स्पष्ट आज्ञा आपण फार दिवस बाजूला ठेवलेली असते आणि आपल्या साऱ्या प्रार्थना तिला वळसा घालून जात असतात. मला प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते करत नाही, हे कसे, असा प्रश्न येशूने विचारला तो त्याच्यापाशी येऊन त्याचे शब्द ऐकणाऱ्यांनाच (लूक ६:४६). म्हणून पुढील सर्व मार्गदर्शनाचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: ती बाजूला ठेवलेली आज्ञा शोधून काढावी आणि तिच्यापासून सुरुवात करावी.

आधी क्रम नीट लावून घ्यावा

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते, नाहीतर पुढचे सर्व श्रम उलट्या दिशेने जातात. निर्गमच्या २०व्या अध्यायात दहा आज्ञा आहेत; पण त्यांतील पहिल्या आज्ञेच्याही आधी, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले, असे देव सांगतो. आज्ञा मिळाल्या तेव्हा इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून आले होते आणि रानात मान्नाही खात होते. सुटका आधी झाली, आज्ञा मागाहून आल्या. आज्ञापालन ही तारणाची किंमत असती, तर आज्ञांच्या पाट्या मिसरातच दिल्या गेल्या असत्या. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) पौलही हाच क्रम सांभाळतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि सत्कृत्ये ही त्यानंतर चालण्याची वाट.

नव्या करारातील आपल्या पत्रात याकोब मात्र कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे म्हणतो, तेव्हा तो पौलाला विरोध करतो का, हा प्रश्न मंडळीत नेहमी विचारला जातो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, हे पाहिले की उत्तर सापडते. पौलाच्या मनात विशेषतः उत्पत्ति १५ मधील ती रात्र आहे, जेव्हा मूलबाळ नसलेल्या अब्राहामाने आकाशातील तारे पाहून देवावर विश्वास ठेवला. याकोब उत्पत्ति २२ कडे, म्हणजे मुलगा इसहाक लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झाल्यावर अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून त्याचे अर्पण करायला डोंगरावर निघाला, त्या दिवसाकडे बोट दाखवतो. त्या रात्री जो विश्वास फक्त देवाला दिसला, तो अनेक वर्षांनी डोंगरावर माणसांनाही दिसला. विश्वास एकच, फक्त मधला काळ मोठा आहे.

आपला क्रम उलटला आहे की काय, हे तपासण्यासाठी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आज आपण चुकलो तर संध्याकाळी प्रार्थनेला बसण्याची भीती वाटते का? आणि आज आपल्या हातून चांगले घडले तर मन शेजारच्या बाकावरील माणसाशी तुलना करू लागते का? यांतील एकाचेही उत्तर होय असेल, तर आपण आज्ञापालनाने देवाकडून काही विकत घेऊ पाहत आहोत. अशा वेळी पुढची पायरी चढण्याआधी लूक १८ मधील परूशी आणि जकातदार यांचा दाखला शांतपणे पुन्हा वाचावा.

एक वही आणि डोंगरावरील प्रवचन

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एक साधी वही घ्यावी आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे ५, ६ व ७ हे अध्याय उघडावेत. हेच अध्याय का, याचे पहिले कारण असे की येशूच्या थेट आज्ञा इतक्या दाटीने एकत्र क्वचितच आढळतात. दुसरे कारण आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातले आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावकडे जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो नेमाने वाचायला घेतला आणि ते डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. तेथून त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पावलाची किंमत त्यांनी आणि लक्ष्मीबाईंनी ताटातुटीच्या वर्षांत मोजली, आणि लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की, जे अध्याय आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो, ते अध्याय एका मोठ्या कवीला अडवून धरण्याइतके जड आहेत, याची आपल्याला आठवण राहावी.

रोज चार-पाच ओव्याच वाचाव्यात. जेथे येशू काही करायला किंवा न करायला सांगतो, तेथे ते वाक्य आपल्या शब्दांत वहीच्या डाव्या पानावर उतरवावे. उजवे पान कोरे ठेवावे. पुढचे काम या कोऱ्या पानाचे आहे, आणि हात थांबतो तोही तेथेच. उजव्या पानावर विचार लिहायचा नाही. माणसाचे नाव, ठिकाण आणि वार लिहायचा. “मी अधिक क्षमाशील झाले पाहिजे” असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. “धाकट्या जावेशी दिवाळीपासून बोलणे बंद आहे, गुरुवारी तिला फोन करायचा” हे आज्ञापालन आहे. येशूची स्वतःची बोलण्याची रीत अशीच आहे. तुझे अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा, असे तो सांगतो (मत्तय ५:२३-२४). त्यात कोठून उठायचे, कोणाकडे जायचे आणि केव्हा परत यायचे हे सारे आले. जकातदार जक्कयानेही आपला पश्चात्ताप आकड्यांत बोलून दाखवला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट. पौल चोरी करणाऱ्याला केवळ चोरी सोड म्हणून थांबत नाही, तर आपल्या हातांनी काम कर आणि गरजवंताला देता यावे इतके मिळव, असे सांगतो (इफिस ४:२८). एक गोष्ट सोडायची, तिच्या जागी दुसरी धरायची आणि त्यातून कोणाचे तरी भले व्हायचे, असा हा आराखडा जवळजवळ प्रत्येक आज्ञेला लावून पाहता येतो. खोटे बोलण्याची सवय, दुकानातील वजनमाप, कामवाल्या बाईचा थकलेला पगार, मोबाइलवर एकांतात पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी, घरातील वृद्धांशी बोलण्याचा सूर, या सर्वांना तो लागू पडतो.

वही भरत गेली की एखादे उजवे पान असे येईल, ज्यावर नाव लिहायला हात धजणार नाही. बाजूला ठेवलेली आज्ञा तीच होय. माझ्या वहीत ते पान वर उल्लेखलेल्या समेटाच्या ओवीचे होते. वडील वारल्यानंतर घराच्या वाटणीवरून माझ्यात आणि थोरल्या भावात तेढ आली, आणि सहा वर्षे आम्ही एकमेकांच्या दारात पाऊल टाकले नाही. या सहा वर्षांत मी प्रभुभोजन घेत होतो, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतही होतो. शेवटी एका शनिवारी रात्री मी पत्र लिहिले. ते तीनदा फाडावे लागले, कारण प्रत्येक वेळी क्षमेची विनंती दोन ओळींत आटोपत होती आणि माझी बाजू दोन पाने व्यापत होती. चौथ्या पत्रात माझी बाजू अजिबात नव्हती. उत्तर यायला चार महिने लागले आणि त्यात एकच ओळ होती, “पाऊस उघडला की या.” त्या चार महिन्यांत मला फारसे काही शिकता आले असेल, तर ते हे की, समोरच्याने काय करावे याची आज्ञा मला दिलेली नव्हती.

एका वेळी एकच पान हाती घ्यावे. सारी वही एका आठवड्यात पुरी करण्याचा संकल्प उत्साहाने केला जातो आणि तिसऱ्या दिवशी मोडतो.

मनाची वाट पाहू नये, पण मनाविषयी खोटेही बोलू नये

“अजून आतून प्रेरणा होत नाही” हे कारण फार ऐकू येते. गनेसरेत सरोवरावरील सकाळ येथे उपयोगी पडते. शिमोन पेत्र रात्रभर राबला होता, हाती एक मासा आला नव्हता, आणि कोळ्यांनी जाळी धुवायला काढली होती. जाळे धुणे म्हणजे त्या दिवसाचे काम मिटवणे, हे कोळीवाड्यात वाढलेल्याला निराळे सांगावे लागत नाही. अशा वेळी खोल पाण्यात जाऊन जाळी पुन्हा टाका, असे सांगणारा मनुष्य सुतार होता. पेत्राने आपला अनुभव लपवला नाही. रात्रभर काही मिळाले नाही हे त्याने आधी स्पष्ट सांगितले, आणि मग तुमच्या शब्दावरून टाकतो, असे म्हणाला (लूक ५:५). त्या क्षणी त्याच्या मनात उत्साह होता असे लूक कोठेही म्हणत नाही. त्याच्यापाशी येशूचा शब्द होता आणि तेवढ्यावर त्याने धुतलेली जाळी पुन्हा भिजवली.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्टही अशीच आहे. याजकांना जाऊन दाखवा, असे येशूने सांगितले तेव्हा त्यांच्या अंगावर कुष्ठ तसेच होते; ते वाटेने जात असताना शुद्ध झाले (लूक १७:१४). पाय उचलले तेव्हा दाखवण्यासारखे काही नव्हते.

म्हणून ठरवलेल्या गुरुवारी मन तयार नसले, तरी फोन करावा. मात्र त्याआधी प्रार्थनेत मनाची खरी अवस्था सांगावी. “प्रभू, मला हे करायचे नाही, तिच्याविषयी माझ्या मनात राग आहे, तरी तू सांगतोस म्हणून करतो” ही प्रार्थना कमी दर्जाची नव्हे. आजारी मुलाच्या बापाने, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, अशी आरोळी मारली (मार्क ९:२४), आणि त्याचा मुलगा बरा झाला. दोन मुलांच्या दाखल्यातही (मत्तय २१) जो जात नाही म्हणाला आणि नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात गेला, त्यानेच बापाची इच्छा पूर्ण केली. “जातो, महाराज” म्हणणारा घरीच राहिला. आपल्या उपासनांत “जातो, महाराज” फार गोड सुरांत म्हटले जाते, याचे मला वारंवार दुःख होते.

आज्ञेत दुरुस्ती करू नये

उघड नकार देणारी माणसे थोडी असतात. बहुतेक जण आज्ञा पाळतात, पण तिच्यात थोडा फेरफार करून. शौल राजाची कथा (१ शमुवेल १५) याचा धडा आहे. त्या अध्यायातील युद्धाची आज्ञा आजच्या वाचकाला पचायला कठीण आहे, आणि ती अडचण मी येथे सोडवू पाहत नाही. शौलाने मिळालेल्या आज्ञेचे काय केले, एवढेच पाहू. शत्रूचे काहीही राखू नकोस, असे सांगितले असताना त्याने उत्तम मेंढरे आणि गुरे राखून ठेवली, स्वतःसाठी एक स्मारक उभारले, आणि संदेष्टा शमुवेल भेटताच, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे, असे आपणहून सांगितले. तेव्हा शमुवेलाने एवढेच विचारले की, मग ही मेंढरांची बें बें कसली ऐकू येते? शौलापाशी उत्तरे तयार होती: लोकांनी ती आणली, आणि आणली तीही यज्ञासाठी. यज्ञापेक्षा ऐकणे बरे, असे शमुवेल त्यावर म्हणतो, आणि पुढे शौलाच्या तोंडून खरे कारण बाहेर पडते: तो लोकांना भ्याला होता.

आपल्या बाबतीत ही तपासणी अशी करावी. आज्ञा पाळल्यानंतर आपण जे स्पष्टीकरण देतो, त्यात “पण” कोठे येतो ते पाहावे. दशांश दिला, पण नोकराचे पैसे अडकवले. क्षमा केली, पण ती गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात पुन्हा सांगितली. व्यसन सोडले, पण ओळखीच्या वाटेने घरी येणे सोडले नाही. जेथे “पण” आहे तेथेच मेंढरे आहेत. आणि राखून ठेवलेल्या वस्तूला आपण नेहमी धार्मिक नाव देतो, हेही ध्यानात ठेवावे. मंडळीच्या कामासाठी घराकडे दुर्लक्ष करणारे सेवक मी पाहिले आहेत. मुलांच्या बापाला ‘सुवार्तेचे काम’ हे कारण सहज मिळते.

उलट दिशेची दुरुस्तीही होते, म्हणजे साधी आज्ञा सोडून काहीतरी भव्य करायला धावणे. अरामाचा सेनापती नामान आपले कुष्ठ बरे व्हावे म्हणून संदेष्टा अलीशाच्या दारी रथ-घोडे घेऊन आला होता. यार्देनेत सात वेळा बुडी मार, एवढाच निरोप मिळाल्यावर तो संतापला. आमच्या दिमिष्काच्या नद्या याहून चांगल्या आहेत, असे म्हणून तो परत निघाला. त्याच्या चाकरांनी त्याला सावध केले: काही अवघड सांगितले असते तर तुम्ही केलेच असते ना, मग हे सोपे का करू नये? मोठ्या सेवेची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने चाकरांचे हे वाक्य (२ राजे ५:१३) वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

कोणाचे ऐकावे

आज्ञापालनाविषयी लिहिताना हा भाग टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, कारण या शब्दाचा जेवढा दुरुपयोग झाला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या ख्रिस्ती शब्दाचा झाला असेल. देवाचे ऐकणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाचे ऐकणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण मराठी मंडळीने पुन्हा पुन्हा आठवावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. ज्या भगिनींच्या मठात त्या राहत होत्या, तेथील वडीलधाऱ्यांची अपेक्षा अशी होती की, मंडळीच्या शिकवणीतील प्रत्येक गोष्ट रमाबाईंनी प्रश्न न करता मान्य करावी. परकी भूमी, विधवेचे जिणे, पदरी लहान मुलगी आणि डोक्यावर उपकारांचा भार, अशा स्थितीत रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवले की, भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने नुकतेच उतरवले आहे, आणि धर्मगुरूंच्या मुखातून येणारा प्रत्येक शब्द परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून आपण तसलेच दुसरे जोखड घेणार नाही. याच बाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आणि बायका आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आसरा दिला. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणता यावे म्हणून त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक शिकल्या. त्यांच्या आज्ञापालनाविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. माणसांना नकार देण्याची आणि देवाचे ऐकण्याची ताकद त्यांच्या ठायी एकाच मुळातून आली होती, असे मला वाटते.

“देवाने मला तुमच्यासाठी सांगितले आहे” असे कोणी म्हणाले, तर घाई करू नये. पौलासारख्या प्रेषिताचे बोलणेही बिरुया येथील लोक दररोज शास्त्रात पडताळून पाहत होते, आणि लूक त्यासाठी त्यांची वाखाणणी करतो (प्रेषितांची कृत्ये १७:११). सांगितलेली गोष्ट येशूच्या शिकवणीशी आणि त्याच्या वागण्याशी जुळते का, ते पाहावे. ज्यांना त्या निर्णयातून काही मिळणार नाही अशा दोन-तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचारावे. त्यासाठी वेळ मागावा. देवाची गोष्ट आठवडाभर थांबल्याने बिघडत नाही. ज्या निरोपाबरोबर पैशांची मागणी, गुप्ततेची अट किंवा नाश होईल अशी धमकी येते, तो ऐकण्यास आपण बांधलेले नाही.

दोन प्रसंगी तर जराही संकोच करू नये. काही ठिकाणी प्रार्थनेनंतर आजाऱ्याला औषध बंद करायला सांगितले जाते, आणि गोळी घेणे म्हणजे अविश्वास असे त्याच्या मनावर बिंबवले जाते. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे शास्त्रवचन देऊन येशूला सांगणारा सैतान होता, आणि येशूने देवाची परीक्षा पाहू नकोस असे उत्तर देऊन उडी नाकारली. क्षयाचे औषध किंवा इन्सुलिन डॉक्टरांना न विचारता सोडणे ही तीच उडी आहे. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी; लूकाला पौल प्रिय वैद्य म्हणतो. दुसरा प्रसंग घरातला. मार खाणाऱ्या पत्नीला ‘पतीच्या अधीन राहा’ हे वचन ऐकवून परत पाठवणारे पाळक अजून आढळतात. ज्या अध्यायातून ते वचन घेतले जाते, त्याच अध्यायात पौल आधी सर्वांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो आणि पतीला, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती करण्याची आज्ञा देतो (इफिस ५:२१, २५). मारणारा पती ही आज्ञा रोज मोडत असतो. अशा बहिणीने सुरक्षित ठिकाणी जावे, मदत मागावी, गरज पडल्यास पोलिसांकडेही जावे. त्यात देवाची अवज्ञा नाही.

चुकल्यावर आणि उशीर झाल्यावर

वहीतील काही गुरुवार तसेच निघून जातील. तेव्हा पान फाडू नये. त्याच पानावर पुढची तारीख घालावी. जे झाले ते देवापुढे नाव घेऊन कबूल करावे, आणि शक्य असेल तर विश्वासातल्या एका माणसापुढेही; कॅथलिक बंधुभगिनींना प्रायश्चित्त संस्कारात ही सोय आहेच, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आपण ती मैत्रीतून करून घ्यावी लागते. पेत्राने येशूला तीनदा नाकारले आणि समुद्रकिनारी त्याला, माझ्यावर प्रीती करतोस काय, असे तीनदाच विचारले गेले. प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिले गेले, मेंढरे चारण्याचे. प्रभूने त्याच्याकडून शिक्षा भोगून घेतली नाही.

याहून कठीण गोष्ट म्हणजे आज्ञा पाळूनही काही न घडणे. रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. त्या आठ वर्षांत त्या शिकत होत्या, शिकवत होत्या, सदन चालवत होत्या. पुढेही त्यांची वाट सोपी झाली नाही. १९२१ मध्ये मनोरमा वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते. अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. संपूर्ण देशाचे वचन मिळालेल्या या माणसाने त्या देशात पैसे मोजून घेतलेली जमीन म्हणजे साराला पुरण्यासाठी ४०० शेकेल रुपे देऊन घेतलेले मकपेलाचे शेत आणि त्यातली गुहा.

आणि मधल्या काळात तो चुकलाही. दुष्काळ पडला तेव्हा तो मिसरात उतरला, भीतीपोटी साराला बहीण म्हणून सांगितले आणि तिला संकटात टाकले. तेथून परतल्यावर त्याने काय केले, ते उत्पत्ति १३:३-४ मध्ये आहे. तो नव्या जागेच्या शोधात निघाला नाही. मजल दरमजल करीत तो बेथेल आणि आय यांच्या मधल्या ठिकाणी आला, जेथे पूर्वी त्याचा डेरा होता आणि त्याने वेदी बांधली होती, आणि तेथे त्याने परमेश्वराच्या नावाने प्रार्थना केली. वाट हरवल्यासारखी वाटेल त्या दिवशी वही मागे उलटत जावे, ज्या पानावर शेवटची आज्ञा स्पष्ट होती आणि अर्धी राहून गेली ते पान उघडावे, आणि त्यावर उद्याची तारीख घालावी.